२०३९ च्या सिंहस्थाला अंबडमध्ये काय बनत असेल?

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतला हा कारखाना दोन भावांचा. १९९१ च्या सिंहस्थाच्या आगेमागे भाड्याच्या गाळ्यात दोन लेथवर सुरू झालेला, आज तीसेक मशीनचा. डिझेल इंजिनाच्या इंधन यंत्रणेला लागणारे बारीक टर्निंगचे पार्ट इथे बनतात: नोझल होल्डरची बॉडी, कॅप नट, अडॅप्टर, पंपातले लहान शाफ्ट. माल थेट गाडी बनवणाऱ्याकडे जात नाही. तो मधल्या एका मोठ्या व्हेंडरकडे जातो, व्हेंडर जुळणी करून पुढे देतो. त्यामुळे गाड्यांच्या बाजारात काय चाललंय हे या भावांना नेहमी उशिरा आणि अर्धवट कळतं. विक्रीतला साधारण दोन तृतीयांश हिस्सा डिझेलचा. ओळख पटू नये म्हणून कारखान्याचं नाव दिलेलं नाही आणि आतले आकडे ढोबळ ठेवलेत.

प्रश्न उभा राहिला २०२३ च्या उन्हाळ्यात. व्हेंडरनं कॉमन रेल (सामाईक नळीत मोठ्या दाबानं डिझेल साठवून इंजिनात फवारणारी यंत्रणा) इंजेक्टरच्या दोन नव्या पार्टची चौकशी पाठवली. त्यासाठी लांब, बारीक पार्ट कापणारी चार स्लायडिंग हेड मशीन, खोल छिद्रासाठी गन ड्रिलची जोडणी, छिद्र आतून घासून गुळगुळीत करणारं होनिंग आणि हवेच्या दाबानं माप घेणाऱ्या एअर गेजचा संच लागणार होता. खर्च दोन कोटींच्या वर. बँक सात वर्षांचं मुदत कर्ज द्यायला तयार. व्हेंडरनं इरादापत्रही दिलं, पण महिन्याला किती नग उचलणार याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं.

त्याच मे महिन्यात बातमी आली. पेट्रोलियम मंत्रालयानं माजी सचिव तरुण कपूर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीनं शिफारस केली होती की दहा लाखांहून जास्त वस्तीच्या शहरांत २०२७ पर्यंत डिझेलच्या चारचाकी बंद कराव्यात. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती, म्हणजे शहर यादीत बसत होतं. शिफारस स्वीकारलेली नाही, असा खुलासा सरकारनं लगेच केला. तोवर कारखान्यात मात्र फाटाफूट झाली होती.

धाकटे म्हणाले, "दादा, बुडत्या धंद्यात सात वर्षांचं कर्ज कशाला?"

थोरल्यांचं उत्तर तयार होतं. "२०१७ लाही हेच ऐकलं. म्हणे तीस सालापर्यंत सगळ्या गाड्या विजेवर. तेव्हा ऐकलं असतं तर आज शेडला कुलूप असतं."

दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं, आणि हीच खरी अडचण होती. मध्ये पडली ती थोरल्यांची लेक. मेकॅनिकल शिकून पुण्यात नोकरी करून परत आलेली, आता इथली क्वालिटी सांभाळणारी. तिनं मला बोलावलं ते 'कोण बरोबर' हे ठरवायला नव्हे. तिचा सवाल नेमका होता: "मशीन पंधरा वर्षं चालणार, कर्ज सात वर्षं चालणार आणि आपल्या हातात ऑर्डरचं शेड्यूल सहा महिन्यांचं. यातून निर्णय कसा काढायचा?"

सीएमए डेटातली सरळ रेघ

बँकेसाठी सीएमए डेटा, म्हणजे कर्जासाठी लागणारा पुढच्या वर्षांच्या हिशेबाचा अंदाजी तक्ता, तयार होता. पुढची पाच वर्षं, दरवर्षी दहा टक्के वाढ. हा तक्ता नाशिकच्या निम्म्या कारखान्यांत याच आकड्यांनी भरलेला सापडेल. बँकेलाही तो असाच हवा असतो. त्यात खोटं काही नसतं, फक्त भविष्य नावाची गोष्ट त्यात नसते.

दुसऱ्या टोकाला सल्लागार कंपन्यांची चकचकीत प्रेझेंटेशनं. २०३० साली विजेच्या गाड्यांचा वाटा किती, याचा आकडा प्रत्येक अहवालात वेगळा आणि प्रत्येक अहवाल तितकाच ठाम. धाकट्यांच्या फोनमध्ये अशी डझनभर पीडीएफ होती.

भविष्य अभ्यास नावाची जी शाखा आहे ती या दोन्हींपासून फटकून वाढली. अमेरिकेतल्या रँड या संस्थेत १९५० च्या दशकात डेल्फी पद्धत घडली. तज्ज्ञांना एकमेकांची नावं न कळवता लेखी प्रश्न विचारायचे, सगळ्यांची उत्तरं सगळ्यांना दाखवायची आणि पुन्हा विचारायचं. जपाननं १९७१ मध्ये याच पद्धतीनं पुढच्या तीस वर्षांच्या तंत्रज्ञानाची देशव्यापी पाहणी केली आणि नंतर दर काही वर्षांनी ती चालूच ठेवली. शेल कंपनीत पिएर वॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तेलाच्या बाजाराची वेगवेगळी चित्रं मांडली, त्यामुळे १९७३ चा तेलाचा भडका उडाला तेव्हा कंपनीच्या वरिष्ठांनी तो प्रसंग निदान कागदावर तरी आधी जगून पाहिला होता. आपल्याकडे १९८८ मध्ये तंत्रज्ञानाचा पुढचा वेध घेणारी टायफॅक ही सरकारी संस्था स्थापन झाली. तिचा २०२० चा तंत्रज्ञान आराखडा १९९६ मध्ये आला आणि २०३५ चा २०१६ मध्ये म्हैसूरच्या सायन्स काँग्रेसमध्ये.

हे सगळं देशांचं आणि महाकाय कंपन्यांचं काम. तीस मशीनच्या कारखान्याला त्यातलं किती पेलेल? माझं मत असं की पद्धतींचा सगळा संच आणायची गरज नसते. फार तर तीन गोष्टी घ्याव्यात. मागचा काळ नीट वाचणं, एकापेक्षा जास्त चित्रं गांभीर्यानं लिहिणं आणि आजचा निर्णय त्या प्रत्येक चित्रात घालून तपासणं. बाकीचं भिंतीवर छान दिसतं.

मागे दोन सिंहस्थ

किती पुढे पाहायचं हे थोरल्यांनीच ठरवलं, तेही सहज. मशीनचं आयुष्य पंधरा वर्षं धरलं तर २०३९ च्या आसपास येतो, असं बोलणं चाललं होतं. ते म्हणाले, "म्हणजे सत्तावीसच्या पुढचा सिंहस्थ." नाशिककराला बारा वर्षांचं माप हाताशी असतं. या क्षेत्रात प्रघात आहे की जितकं पुढे पाहायचं त्याहून जास्त मागे पाहावं. म्हणून आधी २००३ पर्यंत मागे गेलो.

पॅकिंगचा खाकी कागद इन्स्पेक्शनच्या टेबलावर अंथरला. वरच्या बाजूला देशात काय झालं ते, खालच्या बाजूला आपली डिलिव्हरी चलनं, म्हणजे माल पाठवल्याच्या पावत्या, काय सांगतात ते. लेकीनं जुन्या हिशेबाच्या फायली उपसल्या, तर सुपरवायझरला पार्ट नंबरावरून गाडी कुठली ते तोंडपाठ होतं.

वरची ओळ अशी भरत गेली. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त झाले, डिझेलचे झाले नाहीत. दोन इंधनांतला फरक वाढत गेला. २०१२ मध्ये तो लिटरमागे तीस रुपयांच्या आसपास पोचला होता. २०१२-१३ च्या सुमारास देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांपैकी निम्म्याच्या आसपास डिझेलच्या होत्या. जानेवारी २०१३ पासून डिझेल दरमहा थोडं थोडं महाग होऊ लागलं आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही नियंत्रणमुक्त झालं. फरक आटला. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचा डिझेल गाड्यांच्या धूर चाचणीतला घोटाळा उघड झाला. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरात दोन हजार सीसीच्या आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी काही महिने थांबवली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रानं जाहीर केलं की गाड्यांच्या धुराच्या प्रमाणांतलं बीएस-५ गाळून २०२० मध्ये थेट बीएस-६ येणार. एप्रिल २०१९ मध्ये मारुतीनं सांगून टाकलं की एप्रिल २०२० पासून डिझेल गाडी बनवणार नाही. लहान डिझेल गाडीला बीएस-६ ची धूरशुद्धी बसवायचा खर्च झेपणाराच नव्हता. २०२०-२१ पर्यंत प्रवासी गाड्यांत डिझेलचा वाटा पाचव्या हिश्श्याच्या खाली गेला.

खालची ओळ त्याच्याशी बऱ्यापैकी जुळत होती, पण दोन-तीन वर्षांच्या अंतरानं. आणि सबंध कागदावर विजेची गाडी कुठेच नव्हती.

ही गोष्ट या प्रकरणातली सगळ्यात मोलाची असं मला वाटतं. ज्या वर्षांत दोघे भाऊ विजेवरून भांडत होते त्या वर्षांत त्यांचा अर्धा लहान-गाडी धंदा पंपावरच्या दरफरकानं आणि धुराच्या नियमानं नेला. थोरले २०१७ मध्ये 'वीज येत नाही' म्हणाले ते बरोबर ठरलं, तरीही माल कमी झाला. धाकटे 'डिझेल जाणार' म्हणाले तेही बरोबर ठरलं, पण कारण भलतंच निघालं. तंत्रज्ञानाचा वेध घेताना लोक नव्या यंत्राकडे टक लावून बसतात, आणि जुन्या यंत्राला खाली ओढणारी माणसं अर्थ मंत्रालयात, न्यायालयात आणि प्रमाणं ठरवणाऱ्या समित्यांत बसलेली असतात.

सुपरवायझरनं आणखी एक गोष्ट दाखवली. लहान गाड्यांचे पार्ट आपटले तेव्हा ट्रॅक्टर आणि छोट्या मालवाहू गाड्यांचे टिकले होते, काही वाढलेही होते. एकच 'डिझेल' म्हणून जो रकाना हिशेबात होता त्यात चार वेगवेगळे धंदे दडलेले होते.

आणि डिलिव्हरी चलनांत उंचवटे होते. प्रत्येक नव्या नियमाच्या आधी ऑर्डर फुगते, कारण लोक जुन्या नियमाची स्वस्त गाडी घेऊन ठेवतात, आणि नियम लागू झाला की पुढचे महिने शुकशुकाट. पिंपळगावच्या एका ट्रॅक्टर विक्रेत्यानं हेच वेगळ्या शब्दांत सांगितलं. द्राक्षबागेत ब्लोअरला जोडायला छोटा ट्रॅक्टर लागतो. नवा नियम येतोय अशी कुणकुण लागली की बागाईतदार एक हंगाम आधीच बुकिंग करतो. मग व्हेंडरची ही चौकशी खऱ्या मागणीची आहे की अशाच एखाद्या उंचवट्याची? तोवर हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

डब्यातल्या चिठ्ठ्या

थोरल्यांसमोर त्यांच्या विरोधात बोलायची कुणाची छाती नाही. डेल्फीतली अनामिकता अशा ठिकाणी फार कामाची. कटिंग टूलच्या इन्सर्टचा रिकामा डबा ठेवला आणि ऑपरेटर, स्टोअरकीपर, टूल विकणारा, मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेला एक इंजिनिअर, आडगाव नाक्यावरचा ट्रान्सपोर्टवाला आणि जुनी मशीन उचलणारा भंगारवाला या सगळ्यांना एकच प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायला सांगितलं: २०३९ च्या सिंहस्थाला या शेडमध्ये काय बनत असेल, आणि का? दुसऱ्या फेरीत सगळ्या चिठ्ठ्या नावांशिवाय वाचून दाखवल्या आणि पुन्हा लिहायला सांगितलं.

पहिल्या फेरीत एका जुन्या ऑपरेटरनं लिहिलं होतं: 'रेल्वेचं काम. रेल्वे कधी बंद पडत नाही.' वाचल्यावर हशा पिकला, कारण रेल्वेचा ब्रॉडगेज जवळजवळ सगळा विजेवर गेलाय. डिझेल कसं हद्दपार होतं याचं तेच तर ढळढळीत उदाहरण. पण दुसऱ्या फेरीत निवृत्त इंजिनिअरनं लिहिलं की नाशिक रोडला रेल्वेचा ट्रॅक्शन मशीनचा कारखाना आहे, तिथे इंजिनांच्या विजेच्या मोटारी दुरुस्त होतात. गाडी विजेवर गेली तरी फिरणारा शाफ्ट, बुश आणि टर्मिनल लागतंच. हसणाऱ्यांनी ती चिठ्ठी परत मागून घेतली.

भंगारवाल्याची चिठ्ठी सगळ्यात छोटी आणि मला सगळ्यात आवडलेली: जुनी, संगणकाशिवाय चालणारी कॅम ऑटोमॅट मशीन किलोच्या भावानं जातात, पण जुनं स्लायडिंग हेड आलं की दोन दिवस टिकत नाही. चांगल्या मशीनला गिऱ्हाईक आहे, म्हणजे मशीन घेऊन माणूस अडकून पडत नाही. ही माहिती कुठल्याच अहवालात मिळाली नसती.

चार चित्रं

कोणती गोष्ट किती मोठी आणि किती अनिश्चित, याची चाळणी लावली. ती चाळणी फार वेळ चालली, पण इथे तिची कथा सांगण्यात अर्थ नाही. शेवटी दोन धागे उरले. डिझेलवरचे नियम किती झपाट्यानं आवळले जातात हा एक. दुसरा असा: नवं जे काही येईल त्याचे सुटे पार्ट इथे, आसपासच्या छोट्या कारखान्यांत बनतात की जुळलेली वस्तूच बाहेरून येते. या दोन धाग्यांच्या वेढ्यातून चार चित्रं निघाली.

'निवांत उतार' मध्ये डिझेल हळूहळू कमी होतं आणि नवं काम थोडं थोडं येतं. सगळ्यांना हेच आवडलं, म्हणून त्यावर सगळ्यात कमी वेळ घालवला.

'ट्रॅक्टरचा जोर' हे जरा अनपेक्षित. पन्नास एचपीवरच्या ट्रॅक्टरना ट्रेम-४ हे धुराचं प्रमाण १ जानेवारी २०२३ पासून लागू झालं आणि तिथे कॉमन रेल आली. पण देशात खपणारे बहुतेक ट्रॅक्टर पन्नासच्या खालचे, आणि त्यांच्यावर अजून जुनी, साधी यांत्रिक पंपाची पद्धत चालते. पुढचं प्रमाण खालच्या ट्रॅक्टरांनाही लागलं तर कॉमन रेलचं काम वाढेल. नियम कडक झाला म्हणून डिझेलचा पार्ट वाढला, असं हे चित्र. धाकटे हे वाचून बराच वेळ गप्प होते.

'हुकूम आला' मध्ये कपूर समितीसारखी एखादी शिफारस अचानक अंमलात येते आणि व्हेंडर एका मेलवर शेड्यूल शून्यावर आणतो.

चौथं 'पेटीबंद'. ते लिहायला कुणीच पुढे येईना. यात वीज येते, भरपूर येते, पण मोटार आणि तिचा कंट्रोलर एकाच बंद पेटीतून, बाहेरच्या देशातून येतात. डिझेल इंजिनात शेकडो फिरते, घासणारे, सरकणारे सुटे भाग. विजेच्या मोटारीत मोजके. म्हणजे धाकट्यांचं 'आपण ईव्हीकडे वळू' हे वाक्य इथे निकामी ठरतं, कारण वळायला रस्ताच नाही. गाडी विकली जाते, नाशिकमध्ये चालते, चार्जिंगचा खांब कॉलेज रोडला उभा राहतो आणि अंबडमध्ये एकही नग बनत नाही. लेकीनं शेवटी हे चित्र लिहिलं आणि तेच सगळ्यात चांगलं लिहिलं गेलं. तिनं २०३१ सालातल्या एका सोमवारचं वर्णन केलं होतं: कोण कामावर आलं, कोणतं मशीन झाकून ठेवलंय, बँकेचा फोन कुणी उचलला. थोरल्यांनी ते दोनदा वाचलं आणि त्यांचा चहा तसाच राहिला.

निर्णय तपासताना

चार मशीनचा प्रस्ताव चारही चित्रांत घालून पाहिला. 'ट्रॅक्टरचा जोर' मध्ये तो झकास, 'निवांत उतार' मध्ये तरून जाणारा. 'हुकूम' आणि 'पेटीबंद' मध्ये कर्जाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी हप्ता भरायला दुसऱ्या मशीनची कमाई लागणार. चारांपैकी दोन चित्रांत बुडवणारा निर्णय शहाणपणाचा म्हणता येत नाही. पण मशीनच घ्यायचं नाही ठरवलं तर पहिल्या दोन चित्रांत व्हेंडर दुसऱ्याकडे जाणार आणि परत येणार नाही.

मग प्रस्तावाचे तुकडे केले. कोणता पैसा नंतर सोडवून घेता येतो आणि कोणता रुतून बसतो? स्लायडिंग हेड मशीन स्वतः बहुगुणी. लांब बारीक काहीही करतं, हाडांचे स्क्रू, हायड्रॉलिकचे स्पूल, विजेच्या पिना. शिवाय भंगारवाल्याचा दाखला होताच. रुतणारा पैसा होता गन ड्रिलच्या जोडणीत, होनिंगमध्ये आणि त्या दोनच पार्टसाठी लागणाऱ्या गेजमध्ये. तोच प्रस्तावाचा जवळपास तिसरा हिस्सा होता, आणि तो हिस्सा बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण नजर सगळी मशीनवर.

ठरलं असं. चारऐवजी दोन मशीन, सळई आपोआप पुढे सरकवणाऱ्या साध्या बार फीडरसकट. खोल छिद्र आणि होनिंग बाहेरून जॉबवर्कनं. त्यात नगामागे सुटणारे पैसे कमी होतात, ते मान्य. दोनपैकी एकच पार्ट घ्यायचा. दुसरा पार्ट व्हेंडरनं दुसरीकडे दिला आणि तो आजही चांगला चाललाय, हे धाकट्यांना मधूनमधून ऐकवलं जातं.

दुसरा निर्णय स्विचगिअरचा, म्हणजे वीजप्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या उपकरणांच्या पार्टचा. नाशिक हे त्या कामाचं जुनं केंद्र, एबीबी, सीमेन्स, सीजी पॉवर यांचे कारखाने इथे आहेत. गाडी डिझेलची असो वा विजेची, वीज वाहून न्यायला ब्रेकर लागतातच, त्यामुळे हे काम चारही चित्रांत टिकत होतं. पण सुरक्षित वाटणाऱ्या घरालाही मागचं दार तपासावं लागतं. मध्यम दाबाच्या अनेक स्विचगिअरमध्ये एसएफ-६ वायू असतो, आणि हवामान बदलाच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारो पटींनी घातक. युरोपीय संघानं फेब्रुवारी २०२४ मध्ये संमत केलेल्या नियमानुसार २४ केव्हीपर्यंतच्या नव्या स्विचगिअरमध्ये असे वायू १ जानेवारी २०२६ पासून चालणार नव्हते. म्हणून वायूच्या टाकीशी जोडलेले पार्ट टाळून, वायूऐवजी निर्वात पोकळीत प्रवाह तोडणाऱ्या व्हॅक्यूम ब्रेकरलाही लागतील असे यंत्रणेचे पार्ट आणि तांब्याचे संपर्क-भाग निवडले.

तांब्यानं लगेच हिसका दाखवला. स्टीलची चिप तुटून पडते. तांब्याची लांब तारेसारखी निघते आणि टूलला, सळई धरणाऱ्या कॉलेटला गुंडाळून बसते, रात्रपाळीत कुणी लक्ष नाही दिलं की पृष्ठभागावर ओरखडे. स्टीलला जे गंधकयुक्त कटिंग ऑइल चालतं त्यानं तांब्यावर काळे डाग पडतात. म्हणजे तेच मशीन आज स्टील, उद्या तांबं असं फिरवायचं तर तेलाची टाकी पूर्ण उपसून धुवायची. तांब्याच्या चिप्सना वेगळं पिंप. स्टीलमध्ये मिसळल्या की भंगाराचा भाव पडतो आणि भंगारवाला तोंड वाकडं करतो. 'बहुगुणी मशीन' हे चित्रांच्या कागदावर बरोबर होतं, शेडमध्ये त्याची किंमत एक वाया गेलेली पाळी होती. शेवटी एक मशीन तांब्यालाच वाहून टाकलं.

खुणांचा कागद

ऑफिसच्या दारामागे एक कागद लावलाय. त्यावर मोजक्याच खुणा: सरकारच्या वाहन पोर्टलवर इंधनानुसार महिन्याची नोंदणी, पेट्रोल-डिझेलचा दरफरक, ट्रॅक्टरच्या पुढच्या प्रमाणाची तारीख, आलेल्या चौकश्यांपैकी डिझेलच्या किती, आणि जुन्या स्लायडिंग हेडचा बाजारभाव. दर महिन्याला लेक तो भरते. कोणती खूण किती हलली की तिसऱ्या मशीनचा विषय काढायचा, हे आधीच लिहून ठेवलंय. हे आधी लिहून ठेवणं महत्त्वाचं. नाहीतर आकडा आल्यावर प्रत्येक भाऊ आपल्या बाजूनं त्याचा अर्थ लावतो, आणि या घरात तो कसा लावला जातो ते मी पाहिलंय.

ट्रॅक्टरच्या पुढच्या प्रमाणाची तारीख आधी एप्रिल २०२४ होती, ती एप्रिल २०२६ वर गेली होती. तारीख पुढे जाणं हीसुद्धा खूण आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीननं दुर्मिळ मृदा धातूंच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं आणि देशातल्या गाडी उत्पादकांची तारांबळ उडाली. 'पेटीबंद' चित्रात पेटी येत राहणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. पेटी अडूनही बसू शकते, हे कुणी लिहिलं नव्हतं. ते आता कागदावर पाचवं चित्र म्हणून आलंय, अर्धवट अवस्थेत.

आणि एक गोष्ट चारही चित्रांच्या बाहेरची. तेव्हाच्या आयकर कायद्याच्या ४३बी कलमातली नवी एच तरतूद, जी २०२३ च्या अर्थसंकल्पातच आली होती. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ठरल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले नाहीत तर देणाऱ्याला त्या वर्षी तो खर्च वजा करता येत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये आजवर कधी वेळेवर न आलेले पैसे एकदम जमा झाले. पहिल्या वर्षी कारखान्याच्या रोखीवर विजेच्या गाडीपेक्षा या एका पोटकलमानं जास्त परिणाम केला. भविष्यवेधाच्या बैठकांना सीए बोलवत नाहीत, पण बोलवायला हवा.

स्विचगिअरचा वाटा वाढतोय, पण धाकट्यांच्या अपेक्षेपेक्षा हळू. मंजुरीला वेळ लागतो आणि तांब्याच्या भावाची चढउतार अंगावर येते. रेल्वेच्या कामासाठी नोंदणीचे कागद भरलेत. पुढच्या फेरीत ऑपरेटरच्या वयाचा रकाना घालायचा असं लेकीनं ठरवलंय, कारण जुन्या हातांपैकी बरेच जण २०३९ च्या कितीतरी आधी निवृत्त होणार आणि आयटीआयहून येणारी मुलं वर्षभरात दुसरीकडे जातात.

अलीकडे व्हेंडरनं पुन्हा चौकशी पाठवली, या वेळी ट्रॅक्टरच्या कॉमन रेलची. थोरल्यांनी उलट मेल केला: महिन्याचे नग आणि किमान उचल लिहून द्या, मग तिसऱ्या मशीनचं बोलू. त्याचं उत्तर अजून यायचंय.